लाइनवर कोण आहे

पहाटे साडेचार

पश्चिम किनाऱ्यावर रेडिओचं काम करणाऱ्याचा दिवस तो उठायच्या आधीच सुरू झालेला असतो. न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टन आमच्या तीन तास पुढे. मी इकडे चहाचं आधण ठेवते तेव्हा तिकडे लोक ऑफिसच्या वाटेला लागलेले असतात, सकाळची वर्तमानपत्रं वाचून झालेली असतात आणि कुठला तरी सिनेटर टीव्हीवर काहीतरी बोलून गेलेला असतो. आमचा कार्यक्रम सकाळी नऊला. तोवर त्या बोलण्यावर अर्धा देश चिडलेला असतो आणि उरलेला अर्धा त्या चिडण्यावर.

लॉस एंजेलिस परिसरातल्या एका एएम स्टेशनवर मी कॉल स्क्रीनर आहे, म्हणजे श्रोत्यांचे फोन पहिल्यांदा घेणारी बाई. कार्यक्रम उजव्या विचारांचा, तीन तासांचा, सोमवार ते शुक्रवार. होस्ट सत्तरी ओलांडलेले, वाचन दांडगं, आवाज कमावलेला. पहिला तास राजकारणाचा, दुसरा संस्कृतीचा. तिसऱ्या तासाचा विषय रोज बदलतो, पण शुक्रवारी तो ठरलेला: सुख. आठवड्यातून एक अख्खा तास सुखाला द्यायची ही रीत उजव्या विचारांचे रेडिओ होस्ट डेनिस प्रेगर यांनी आपल्या कार्यक्रमात पाडली. आमचा तास त्याच वाटेवरचा, आणि आमचे होस्ट ते उघडपणे सांगतात.

आज शुक्रवार. डब्यात पोळी, मटकीची उसळ आणि दही.

सव्वापाच

101 फ्रीवेवर या वेळी गाड्या पळतात तरी. गाडीत मी आमचंच स्टेशन लावते. पुलाखालून जाताना आवाज चिरकतो, विजेच्या तारांजवळ खरखर वाढते. एएमचं हे असंच. संगीत ऐकणाऱ्यांनी सत्तरच्या दशकात एफएमचा रस्ता धरला तो याच खरखरीमुळे, आणि एएमवाल्यांच्या हाती रिकामी वेळ आणि स्वस्त स्टेशनं उरली. बोलण्याला खरखर चालते. अमेरिकेतल्या उजव्या टॉक रेडिओचा जन्म सांगताना लोक थेट 1987 वर येतात, कारण त्या वर्षी फेडरल कम्युनिकेशन्स कमिशननं ‘फेअरनेस डॉक्ट्रिन’ रद्द केलं. वादाच्या विषयावर दुसऱ्या बाजूलाही वाजवी संधी द्या, असं सांगणारा 1949 पासूनचा तो नियम. काँग्रेसनं तो कायद्यात बांधायचा प्रयत्न केला तेव्हा राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी नकाराधिकार वापरला. हे सगळं खरं आहे. पण माझ्या मते नियम गेल्यानं दार उघडलं एवढंच. आत यायला माणसं तयार होती ती आधीच रिकाम्या झालेल्या एएममुळे, उपग्रहावरून एकच कार्यक्रम शेकडो स्टेशनांना देता येऊ लागल्यामुळे आणि फुकट लागणाऱ्या 800 क्रमांकांमुळे. नेब्रास्कातल्या शेतकऱ्याला न्यूयॉर्कला फोन लावायला पैसे पडेनात, ही गोष्ट कुठल्याही सरकारी निर्णयाइतकीच मोठी होती.

पावणेसहा ते साडेआठ

या वेळात आम्ही तिघं असतो: प्रोड्यूसर, ध्वनिनियंत्रणाच्या बोर्डवर बसणारा मुलगा आणि मी. प्रोड्यूसर बातम्या चाळतो आणि ‘स्टॅक’ लावतो, म्हणजे होस्टसमोर ठेवायचा छापील कागदांचा गठ्ठा. वॉल स्ट्रीट जर्नल, न्यूयॉर्क पोस्ट, नॅशनल रिव्ह्यू हे घरचे. न्यूयॉर्क टाइम्स आणि वॉशिंग्टन पोस्टही असतात, कारण विरोधकाचं म्हणणं त्याच्याच तोंडून वाचून दाखवायचं हा होस्टचा दंडक आहे. हा दंडक मला फार आवडतो. त्यांच्या पंथातले सगळेच तो पाळत नाहीत. समोरच्याचं वाक्य अर्धं तोडून वाजवलं की दहा सेकंदांत राग येतो, आणि राग आला की फोन येतात. आमचा मुलगा क्लिप कापताना मागचं-पुढचं वाक्य ठेवतो. पाच सेकंद जास्त जातात, जाऊ देत.

मी या वेळात कालची व्हॉइसमेल ऐकते. त्यात शिव्या असतात, प्रार्थना असतात, औषधांचे सल्ले असतात. बहुतेकांना उत्तर नको असतं. कुणीतरी ऐकावं एवढंच हवं असतं, म्हणून मी मध्ये न तोडता शेवटपर्यंत ऐकते.

आठच्या सुमाराला होस्ट येतात. हातात स्वतःचा कॉफीचा थर्मास, खिशात शाईचं पेन. स्टॅकमधले अर्धे कागद बाजूला करतात. “हे सोमवारीही खरं असेल का?” हा त्यांचा नेहमीचा प्रश्न. उत्तर ‘नाही’ असेल तर कागद टोपलीत.

साडेआठ

जाहिराती. यावर थोडक्यात सांगते, पण सांगायला हवं, कारण पैसा कुठून येतो ते कळल्याशिवाय हा धंदा कळत नाही. देशभर जाणारे असे कार्यक्रम बऱ्याच स्टेशनांना रोख पैसे न घेता मिळतात. त्याबदल्यात तासातली काही जाहिरातीची मिनिटं कार्यक्रम पुरवणाऱ्या कंपनीची, उरलेली स्टेशनची. सोनं विकणारे, गुडघेदुखीच्या गोळ्यांवाले, उशा-गाद्यावाले, करसल्लागार. यातल्या कित्येक जाहिराती होस्ट स्वतःच्या आवाजात वाचतात, आणि त्या विकल्या जातात त्या त्यांच्यावरच्या विश्वासावर. म्हणूनच मला त्यातल्या काही खटकतात. ज्या माणसाच्या शब्दावर एखादी विधवा बाई मुलाशी बोलायचं की नाही ते ठरवते, त्यानं त्याच आवाजात तिला सोन्याची नाणी घ्यायला सांगू नये. मी हे बैठकीत बोलले आहे. होस्टनी दोन कंपन्यांच्या जाहिराती बंद केल्या, बाकीच्या राहिल्या.

नऊ

लाल दिवा. बातम्या आणि जाहिरातींची सहा मिनिटं, मग सुरावट, मग होस्टचा आवाज. साठ मिनिटांतली चाळीसच्या आसपास बोलायला मिळतात, तीही चार तुकड्यांत. घड्याळाचा काटा इथे सर्वांचा मालक. तासाअखेरचा ब्रेक संगणक आपोआप घेतो. होस्टचं वाक्य अर्धवट राहिलं तरी तो थांबत नाही.

पहिल्या तासात माझ्या दहाही लाइन तीन मिनिटांत भरतात. होस्टनी विषय काढला, एक नाव घेतलं, की दिवे लुकलुकायला लागतात. प्रत्येकाला मी तेच विचारते: नाव, गाव, काय बोलायचंय, एका वाक्यात सांगा. जे एका वाक्यात सांगू शकत नाहीत ते हवेवर चार मिनिटं घेतात. मग सांगते, रेडिओचा आवाज बंद करा. कार्यक्रम काही सेकंद उशिरानं प्रसारित होतो. कुणी घाण शब्द वापरला तर बोर्डवरचा मुलगा बटण दाबून तो गाळतो, कारण सकाळी सहा ते रात्री दहा असली भाषा हवेवर गेली तर दंड स्टेशनला बसतो. रेडिओ चालू ठेवणाऱ्याला आपलंच बोलणं मागून ऐकू येतं आणि तो अडखळतो.

हे सगळं मी टाइप करत असते. काचेपलीकडे होस्टच्या पडद्यावर ओळ उमटते: लाइन 3, फ्रेस्नो, ट्रकचालक, डिझेलचा कर, विरोधी मत. विरोधी मताला आमच्याकडे रांगेत पुढची जागा. प्रेगर आपल्या श्रोत्यांना सांगत आले की सहमतीपेक्षा त्यांना स्पष्टता प्यारी. आमच्या होस्टचाही हाच पवित्रा. पण मत विरोधी असलं तरी ते नीट मांडणारा माणूस शोधावा लागतो. एखादा अडखळणारा, तापलेला डावा माणूस हवेवर सोडून त्याची फजिती करणं फार सोपं आहे, आणि श्रोत्यांना ते आवडतंही. असा फोन आला की मी त्याला सांगते, दोन मिनिटं घ्या, मुद्दा कागदावर लिहा, मी परत येते. तो परत बोलतो तेव्हा कितीतरी नीट बोलतो.

या राजकीय तासाचा खरा धनी म्हणजे रेडिओ होस्ट रश लिम्बॉ. 1984 साली सॅक्रामेंटोला, म्हणजे आमच्याच राज्यात, त्यांनी जम बसवला आणि ऑगस्ट 1988 मध्ये न्यूयॉर्कहून देशभर सुरुवात केली. पुढे सहाशेहून अधिक स्टेशनं त्यांचा कार्यक्रम घेत. 1994 मध्ये रिपब्लिकन पक्षानं चाळीस वर्षांनी प्रतिनिधीगृह जिंकलं, तेव्हा नव्या खासदारांनी त्यांना आपल्यातलाच एक मानून गौरवलं. फेब्रुवारी 2021 मध्ये फुफ्फुसाच्या कॅन्सरनं ते गेले. त्यांच्याकडे विनोद होता, बेभान आत्मविश्वास होता, आणि दुबळ्या माणसाची टिंगलही होती. ती टिंगल मला कधी सोसली नाही. त्यांच्यामागून आलेल्यांनी आत्मविश्वास उचलला, विनोद मागे राहिला.

दहा

संस्कृतीचा तास म्हणजे नाटक-सिनेमा एवढंच नाही. लग्न, मुलं, शाळा, चर्च, विद्यापीठ, पुरुषांनी कसं वागावं, बायकांनी काय सोडावं आणि काय सोडू नये. इथल्या उजव्यांमध्ये एक समजूत घट्ट आहे: राजकारण वाहतं ते संस्कृतीच्या खालच्या अंगाला. हा विचार पसरवणारे अँड्र्यू ब्राइटबार्ट लॉस एंजेलिसचेच. म्हणून आधी घर, मग संसद.

आज विषय होता मुलांच्या हातातले फोन. पहिला फोन बेकर्सफिल्डच्या आईचा. तिनं तिन्ही मुलांना शाळेतून काढून घरी शिकवायला घेतलंय. दुसरा निवृत्त शिक्षकाचा, तिच्याशी कडाडून असहमत. मी दोघांना लागोपाठ लावलं आणि होस्ट मध्ये फारसे बोलले नाहीत. असा तुकडा महिन्यातून एखादाच जमतो.

या तासाला भारतीय फोनही येतात. सेंट्रल व्हॅलीतले पंजाबी ट्रकवाले, मोटेलवाले गुजराती, अधूनमधून एखादी तेलुगू डॉक्टर. कुटुंब, अभ्यास, कष्ट या विषयांवर ते होस्टच्या आधी दोन पावलं पुढे असतात. स्थलांतराचा विषय निघाला की मात्र गप्प होतात. उजव्या माध्यमांत आपलं एक नाव मोठं आहे, दिनेश डिसूझा. जन्म 1961 चा, मुंबईचा, घराणं गोव्याचं कॅथलिक, 1978 मध्ये रोटरीच्या विद्यार्थी-योजनेतून ॲरिझोनात आले आणि पुढे रेगन यांच्या व्हाइट हाउसमध्ये काम केलं. निवडणूक-देणगीच्या प्रकरणात 2014 मध्ये त्यांनी गुन्हा कबूल केला, 2018 मध्ये ट्रम्प यांनी माफी दिली. निवडणुकीत घोटाळा झाल्याचा दावा करणाऱ्या त्यांच्या ‘2000 म्यूल्स’ या चित्रपटाचं वितरण सेलम मीडियानं 2024 मध्ये माफी मागून थांबवलं. सेलम म्हणजे प्रेगर यांचा कार्यक्रम देशभर पोचवत आलेली कंपनी. गोव्याची आठवण काढून कुणी त्यांच्याविषयी विचारलं की मी एवढं सांगते. हुशारी आणि सचोटी वेगळ्या मोजाव्या लागतात.

अकरा

सुखाच्या तासाला दहा लाइन भरायला बारा-पंधरा मिनिटं लागतात. पहिल्या तासात जो माणूस होल्डवर दोन मिनिटांत कंटाळून फोन ठेवतो, तोच या तासाला अर्धा तास थांबतो. इथे कुणावर चिडायचं नसतं, स्वतःकडे बघायचं असतं, आणि त्याला धीर लागतो. माझ्या लेखी आठवड्यातलं सगळ्यात अवघड प्रसारण हेच, आणि हेच सगळ्यात गरजेचं.

विषयाचा पाया प्रेगर यांच्या 1998 च्या ‘हॅपिनेस इज अ सीरियस प्रॉब्लेम’ या पुस्तकात आहे. सुखी असणं ही चैन नाही, ते इतरांप्रती कर्तव्य आहे, असं त्यांचं म्हणणं. बाप रोज तोंड पाडून घरात येत असेल तर त्याची शिक्षा मुलांना. दुसरी गोष्ट छताची. सगळ्या टाइल्स जागेवर असून एक निखळलेली असेल तर नजर तिथेच जाते. छताचं ठीक आहे, पण माणूस आयुष्यातही तेच करतो, नसलेल्या एका गोष्टीत असलेलं सगळं विसरतो. आणि अमेरिकन उजव्यांना त्यात आपला देशही दिसतो: 1776 च्या जाहीरनाम्यात सुखाचा शोध घेण्याचा हक्क लिहिलाय, सुख देण्याचं वचन नाही. शोध तुमचा तुम्ही घ्या, सरकार आड येणार नाही. राजकारण, संस्कृती आणि सुख हे तीन तास एकाच दोरीत ओवलेले आहेत ते इथे. नॅशव्हिलचे डेव्ह रॅमझी पैशांविषयी जो कार्यक्रम करतात त्याचंही सूत्र हेच. कर्ज फेडलेली जोडपी त्यांच्या कार्यक्रमात मोठ्यानं ओरडून कर्जमुक्ती जाहीर करतात. तो आनंद अगदी खरा असतो. मी कामावर नसतानाही ऐकते.

आज पहिल्या तुकड्यात एक बाई होती. नवऱ्याला स्मृतिभ्रंश, तीन वर्षं ती एकटी सांभाळतेय. मी ओळ लिहिली: “झोप मिळत नाही. सुखाचं काय?” होस्ट तिच्याशी मायेनं बोलले. कृतज्ञतेची वही ठेवा, रोज तीन गोष्टी लिहा, म्हणाले. सल्ला वाईट नाही. पण त्या बाईला वही नको होती, रात्रीची चार तास सलग झोप हवी होती. त्यासाठी कुणीतरी तिच्या घरी येऊन बसायला हवं, आणि त्याला पैसे लागतात किंवा माणसं लागतात. सुख माणसाच्या मनावर आहे हे खरं. ते मन थाऱ्यावर राहायला काही गोष्टी आधी असाव्या लागतात, हेही तितकंच खरं, आणि आमचा कार्यक्रम त्याबद्दल फार कमी बोलतो. ती लाइनवर परत आली तेव्हा तिच्या काउंटीतली वृद्धसेवा आणि काळजीवाहकांना तात्पुरती सुट्टी देणारी मदत यांचे क्रमांक मी तिला दिले. ते माझ्या टेबलावर चिकटवून ठेवलेले असतात. प्रोड्यूसरनं एकदा विचारलं होतं, हे आपलं काम आहे का? हो, आहे.

अकरा पस्तीसला चार नंबरची लाइन लागली. “गुड मॉर्निंग मॅडम,” असा सावकाश, जपून उच्चारलेला आवाज. आयर्विनहून. दोन वाक्यांत मला कळलं.

“काका, मराठी ना?”

“अगं! तू इथं कशी?”

“नोकरी आहे माझी. सांगा, काय बोलायचंय त्यांच्याशी?”

“त्यांना म्हणावं, तुमचं अर्धं बरोबर आहे.”

“अर्धंच का?”

“ते म्हणतात ना, घरात तोंड पाडून बसू नका, दुसऱ्यावर अन्याय होतो. कबूल. मी रोज तेच करतो. पोरगा-सून सहाला येतात. साडेपाचला मी तोंड धुतो, शर्ट बदलतो, हॉलमधला दिवा लावतो. आले की हसून विचारतो, कसा गेला दिवस. त्यांनी मला विचारलं की म्हणतो, झकास. सकाळी आठपासून कुणाशी एक शब्द बोललेला नसतो. ही गेली मागच्या वर्षी, त्यानंतर इकडे आलो. आता त्यांचं सुख मी सांभाळतो, ठीक आहे. माझं कुणी सांभाळायचं?”

वीज मंडळातून निवृत्त झालेले. इंग्रजी उत्तम. पण हे इंग्रजीत, हवेवर, लाखो लोकांसमोर? मी विचारलं, “काका, एवढं सगळं बोलाल? मुलानं ऐकलं तर चालेल?”

“त्याला वेळ कुठाय ऐकायला. लाव तू.”

मी टाइप केलं: लाइन 4, आयर्विन, भारतातले वडील, अर्धे सहमत, तुमचा सल्ला पाळतात आणि त्यानं एकटे पडलेत. काचेतून होस्टकडे पाहून चार बोटं वर केली. त्यांनी दोन फोन मागे ठेवून काकांना घेतलं.

काका चांगले बोलले. मराठीत सांगितलेलं जवळजवळ तसंच्या तसं सांगितलं, फक्त बायकोचा उल्लेख एका शब्दात आटोपला. होस्टनी ते पकडलं. म्हणाले, थांबा, मागे चला, पत्नीविषयी सांगा. काका अडखळले, मग बोलले. ते संपल्यावर होस्ट बराच वेळ गप्प राहिले. रेडिओवर चार सेकंदही फार असतात. बोर्डवरचा मुलगा माझ्याकडे बघायला लागला. मग ते म्हणाले, मी इतकी वर्षं जे सांगतोय ते मूडबद्दल आहे, दुःखाबद्दल नाही. चिडचिड दाराबाहेर ठेवावी. शोक दाराबाहेर ठेवायचा नसतो. तुम्ही मुलाला आनंदी चेहरा देताय, पण त्याची आईही गेली आहे. त्याला तुमच्यासोबत रडायची संधी तुम्ही देत नाही आहात.

काका म्हणाले, “येस सर.” एवढंच. अठ्ठावन्नावं मिनिट आलं आणि संगणकानं ब्रेक घेतला.

हा फरक होस्टनी खूप आधी करायला हवा होता. सुख हे कर्तव्य आहे असं हजारदा ऐकून किती घरांत किती माणसांनी आपलं दुःख दडपलं असेल, याचा हिशेब कुणाकडे नाही. पण तो फरक आज हवेवर झाला, आणि एका श्रोत्यानं तो करायला लावला. फोन घेणाऱ्या रेडिओवर माझा जीव आहे तो यासाठी. लेख लिहिणाऱ्याला, व्हिडिओ करणाऱ्याला कुणी मध्येच थांबवून ‘अर्धंच बरोबर’ असं सांगू शकत नाही.

बारा

होस्टनी कानातल्या फोनवर सांगितलं, त्यांना धरून ठेव. मी लाइनवर गेले.

“झालं बोलून,” काका म्हणाले, “आता धाकधूक होतेय.”

“दुपारी याचा पॉडकास्ट निघतो. हवं तर तुमचं नाव आणि गाव काढून टाकते.”

थोडा विचार केला त्यांनी. “नको. राहू दे. मी पोरालाच पाठवतो. ते लिंक का काय, फोनवरून कसं पाठवायचं तेवढं सांग.”

मी सांगितलं. शेअरचं चिन्ह कसं दिसतं ते तीनदा सांगावं लागलं. त्यांनी कागदावर लिहून घेतलं आणि परत वाचून दाखवलं. मग विचारलं, “तू जेवलीस का?”

दोन

डबा खाऊन झाला. पॉडकास्टचं कापणं, नोंदवही भरणं, सोमवारच्या पाहुण्याला दुजोरा. मग आठवड्याची बैठक. श्रोत्यांचे आकडे नील्सन ही कंपनी देते. लॉस एंजेलिससारख्या मोठ्या शहरांत ठरावीक लोक अंगावर छोटं यंत्र बाळगतात, ते कानावर पडलेली स्टेशनं नोंदवतं. सुखाच्या तासाचे आकडे राजकारणाच्या तासापेक्षा खाली असतात. निवडणुकीच्या वर्षी तर फारच खाली. वरचे लोक मधूनमधून सुचवतात की शुक्रवारीही राजकारणच घ्यावं. होस्ट दरवेळी नाही म्हणतात. ज्या दिवशी हो म्हणतील त्या दिवशी मी दुसरी नोकरी शोधेन, हे मी प्रोड्यूसरला सांगून ठेवलंय.

दुसरी चिंता गाडीची. नव्या गाड्यांतून एएम काढायला काही कंपन्यांनी सुरुवात केली. इलेक्ट्रिक मोटरीमुळे एएममध्ये खरखर वाढते असं कारण. ओरड झाल्यावर 2023 मध्ये फोर्डनं माघार घेतली आणि प्रत्येक गाडीत एएम ठेवा असं सांगणारं विधेयक दोन्ही पक्षांच्या खासदारांनी मिळून आणलं. दोन्ही पक्ष एकत्र येण्याचे प्रसंग आमच्या कार्यक्रमात क्वचित सांगायला मिळतात, म्हणून हा आम्ही मन लावून सांगितला होता. तरुण मंडळी फोनवर ऐकतात. त्यांना रांगेत थांबायचं नसतं आणि घड्याळाचा ब्रेकही नसतो. जुन्या होस्टपैकी प्रेगर नोव्हेंबर 2024 मध्ये पडले, मणक्याला गंभीर इजा झाली. त्या पिढीचे आवाज कमी होत चाललेत. पॉडकास्टवर बोलणारे पुष्कळ आहेत, पण फोन उचलून ‘काय बोलायचंय, सांगा’ म्हणणारं माणूस तिथे नोकरीवर नसतं.

साडेपाच

सांगलीत शनिवारची सकाळ, सहा वाजलेले. बाबा फिरून येऊन माझ्या फोनची वाट बघत असतात. रोजचा प्रश्न: “आज काय म्हणाले तुमचे?” मी काकांची गोष्ट सांगितली, गाव-नाव वगळून. ते ऐकत राहिले.

बाबांनी आयुष्यभर आकाशवाणी सांगली ऐकली, अजूनही ऐकतात. आपल्याकडे खासगी एफएम 2001 मध्ये आलं, पण त्यांना स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्या आहेत तशा लावता येतात. राजकारणावर श्रोत्यांचे फोन घेऊन तासभर वाद घालणारा मराठी होस्ट त्यामुळे कधी तयारच झाला नाही. सर्वोच्च न्यायालयानं 1995 मध्ये म्हटलं होतं की ध्वनिलहरी ही जनतेची मालमत्ता आहे. त्या जनतेचा आवाज लहरींवर येतो तो मुख्यतः गाण्याची फर्माईश करताना. इथल्या टॉक रेडिओनं द्वेष किती पसरवला ते मी रोज पाहते, म्हणून भीती मला कळते. तरीही मला वाटतं, मराठीत असा एक तास असावा. होस्ट कुठल्याही पक्षाचा असो, विरोधी मताला रांगेत पुढची जागा असावी, आणि आठवड्यातून एकदा राजकारण बाजूला ठेवून माणसं कशी आहेत ते विचारावं.

बाबा म्हणाले, “कोण फोन करणार गं?”

“तुम्ही केला असता?”

“मी?” मग थोड्या वेळानं म्हणाले, “2019 च्या पुराबद्दल केला असता. कृष्णेचं पाणी उतरलं, पंचनामे झाले, पैसे आले, न आले, त्यावर सगळे बोलले. भांडले. पण नंतर दोन पावसाळे मला रात्री झोप नव्हती. पाऊस वाजला की उठून नळाच्या कट्ट्यापर्यंत जाऊन बघायचो, पाणी कुठवर आलंय. हे कुणी विचारलं नाही.”

मलाही माहीत नव्हतं. मी म्हटलं, “सांगा ना, बाबा.”

त्यांनी पहिल्या रात्रीपासून सुरुवात केली, आणि मला मध्ये कुठेही जाहिरातीसाठी थांबायचं नव्हतं.